आईची लस कुणी सांगायची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं होतं की प्रत्येकाने आपल्या कामातलं असं काहीतरी सांगावं, जे दुसऱ्याच्या घरी उपयोगी पडेल. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. माझ्या कामातलं बहुतेक काही तुमच्या घरी नेऊन उपयोग नाही. पण गेली काही वर्षं आमचा गट प्रसूतिगृहांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली तयार करतो. घरी जाताना बाळंतिणीच्या हातात जो कागद पडतो, तो आमच्या प्रणालीतून छापून निघतो. त्यावर बाळाच्या लसींच्या तारखा आपोआप येतात. एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "बाळाच्या सगळ्या लसी छापता, मग आईच्या एचपीव्ही लसीची एक ओळ का नाही?"

ओळ छापणं सोपं आहे. कुणाच्या कागदावर छापायची, हे ठरवणं सोपं नाही. संगणकाला "बघू", "तसं काही नाही", "पेशंटवर अवलंबून" असली उत्तरं चालत नाहीत. म्हणून मी सात-आठ डॉक्टरांसमोर वही घेऊन बसले आणि विचारलं, नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीला ही लस घे असं तुम्ही सांगता का, आणि ते कशावरून ठरवता? त्या वहीतलं आज तुम्हाला सांगते. मी डॉक्टर नाही. तेव्हा हे ऐकून घरी निर्णय घेऊ नका, हे ऐकून डॉक्टरांना प्रश्न विचारा.

आधी थोडं आजाराबद्दल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही सापडतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३-८४च्या सुमारास या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार वेगळे करून दाखवले. त्या कामासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. विषाणूचे २००हून अधिक प्रकार आहेत, पण या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या मागे हे दोनच असतात. तो लैंगिक संबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होऊन जातो. बहुतेकींचं शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला हाकलतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातल्या काहींना पुढे पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू. यातल्या कित्येक जणी आपल्या वयाच्या असतात. मुलं शाळा-कॉलेजात, सासू-सासरे थकलेले, आणि घराचा खांब असलेली बाई अंथरुणावर.

आता दोन आकडे शेजारी ठेवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीनुसार देशात सुमारे ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, महाराष्ट्रात तर जवळजवळ ९५ टक्के. त्याच सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी एकदा तरी झालेल्या किती? १.९ टक्के. म्हणजे आपली मुलगी बाळंतपणासाठी दवाखान्यात येते, आणि त्यानंतर स्वतःसाठी म्हणून फारशी येतच नाही. ताप आला तर गोळी, पाठ दुखली तर शेक. बाळंतपण हाच तो काळ, जेव्हा ती, तिचा नवरा, आई आणि सासू असे सगळे डॉक्टरांसमोर असतात आणि डॉक्टर सांगतील ते ऐकायच्या मनःस्थितीत असतात.

मग डॉक्टर काय बघतात?

सगळ्यात आधी वय. लस आधीपासून शरीरात असलेल्या विषाणूवर उपचार करत नाही. जे प्रकार अजून भेटलेले नाहीत, त्यांच्यापासून ती वाचवते. म्हणून ती लहानपणी, ९ ते १४ या वयात देणं सगळ्यात उत्तम. स्वीडनमध्ये १६ लाखांहून अधिक मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासून २०२०मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्यांमध्ये हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. १७ ते ३० या वयात घेतलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी कमी. हा दुसरा आकडा मला डॉक्टरांनी दोनदा वाचायला लावला. "लग्न झालं, मूल झालं, आता काय उपयोग?" असं आपल्याकडे सहज म्हणतात. उपयोग कमी होतो, संपत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या आईला एखादा प्रकार भेटून गेला असेलही, पण लसीतले सगळेच प्रकार भेटले असतील असं नाही.

म्हणून २६पर्यंतच्या, लस न घेतलेल्या आईला डॉक्टर सरळ "घे" म्हणू शकतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लसही ९ ते २६ याच वयासाठी आहे. २७ ते ४५ या वयात सरसकट शिफारस नसते, चर्चा असते. फायदा किती, खर्च किती, त्या लसीचा परवाना कोणत्या वयापर्यंत आहे, हे समजावून दोघींनी मिळून ठरवायचं. लस द्यायच्या आधी एचपीव्हीची चाचणी करून बघायची गरज नसते. आणि पूर्वायुष्याची चौकशी तर नाहीच नाही. एका डॉक्टरांचं वाक्य मी तसंच लिहून घेतलं आहे : "मी वय विचारते आणि आधी लस घेतली का ते विचारते. बाकीचं माझ्या कामाचं नाही."

दुसरं, वेळ. गरोदरपणात ही लस देत नाहीत. ती घातक ठरली आहे म्हणून नव्हे, गरोदरपणातली पुरेशी माहिती हाती नाही म्हणून. दिवस गेल्याचं माहीत नसताना एखादीने घेतली, तर त्यासाठी काही करावं लागत नाही. उरलेल्या मात्रा बाळंतपणानंतर घ्यायच्या. आणि अंगावर पाजणाऱ्या आईला? हा प्रश्न आजी लोकांचा हमखास असतो. या लसीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं एक प्रथिन तेवढं असतं. विषाणूचा गाभा, ज्यातून संसर्ग होतो, तो त्यात नाहीच. त्यामुळे बाळाला पाजणाऱ्या आईला ती देता येते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०२०च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे की २६पर्यंतच्या, लस न घेतलेल्या, अंगावर पाजणाऱ्या आयांना ती द्यावीच.

तिसरं, कुणाला नाही. आधीच्या मात्रेला किंवा लसीतल्या एखाद्या घटकाला जोरदार ॲलर्जी आली असेल तर नाही. काही लसी यीस्टमधून बनतात, म्हणून यीस्टची गंभीर ॲलर्जी विचारतात. ताप चांगलाच चढलेला असेल तर उतरेपर्यंत थांबायचं. टोचल्यावर काहींना चक्कर येते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं. एचआयव्ही किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल, तर लस टाळायची नसते. तिला गरज जास्त असते आणि मात्रा पूर्ण द्याव्या लागतात.

चौथं, किती मात्रा. इथे डॉक्टरांची उत्तरं वेगवेगळी आली, आणि त्यामागे एक गोष्ट आहे जी आपल्या भागातून जाते. २००९ साली भारतात दोन मात्रा पुरतात की तीन लागतात हे तपासणारा मोठा अभ्यास सुरू झाला. आपल्या बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्याच्या केंद्रांपैकी एक होतं. एप्रिल २०१०मध्ये देशभरात या लसीच्या चाचण्या थांबवल्या गेल्या, आणि जवळजवळ ५ हजार मुलींना एकच मात्रा मिळून काम तिथेच थांबलं. संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. २०२१मध्ये निष्कर्ष आला की एका मात्रेनेही १६ आणि १८ प्रकारांच्या ठाण मांडणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळालं. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक किंवा दोन मात्रा आणि २१च्या पुढे दोन मात्रा पुरतील असं म्हटलं, त्यात या अभ्यासाचाही वाटा होता.

पण त्या मुली १० ते १८ वयाच्या, अविवाहित होत्या. चोवीस वर्षांच्या आईला तोच आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून बरेच डॉक्टर १५ वर्षांच्या पुढे परवान्याप्रमाणे तीनच मात्रा देतात : पहिली, दोन महिन्यांनी दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. काही जण जागतिक संघटनेचा आधार घेऊन दोन देतात. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. आपण फक्त विचारायचं, "तुम्ही किती देणार, आणि का?"

इथवर सगळं पुस्तकातलं झालं. पण वहीत मी जास्त पानं दुसऱ्याच प्रश्नाला दिली : हे सगळं माहीत असूनही डॉक्टर बोलत का नाहीत?

एक जण म्हणाले, "बिल हातात दिल्यावर लसीचं सांगितलं तर वाटतं, डॉक्टर अजून काहीतरी विकायला बसलेत." ही अडचण खरी आहे. आपली लस परदेशी लसींहून बरीच स्वस्त असली, तरी तीन मात्रांचा खर्च सिझेरियनच्या बिलानंतर घराला जाणवतोच. दुसऱ्या म्हणाल्या, "डिस्चार्जच्या दिवशी तिला काही ऐकू येत नाही. टाके दुखताहेत, दूध येत नाहीये, खाली रिक्षा थांबली आहे. मी सव्वा महिन्याला सांगते." तिसऱ्यांचं म्हणणं याच्या नेमकं उलट, "माझ्याकडे लांबच्या गावातल्या मुली येतात. सव्वा महिन्याला ती माहेरी असेल, नाहीतर शेतात. मी पहिली मात्रा घरी जायच्या आधीच देते." आणि चौथ्या हसून म्हणाल्या, "सासू खोलीत असताना लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू हे शब्द उच्चारून बघा तुम्ही." मग तुम्ही काय म्हणता, असं मी विचारलं. "मी म्हणते, ही कर्करोगाची लस आहे, जशी बाळाला कावीळ ब ची दिली तशी. पुढचं ती एकटी असताना सांगते. पण सांगते नक्की."

हे "सांगते नक्की" महत्त्वाचं आहे. २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो शाळकरी मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प झाला. सात मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या आणि तो थांबवला गेला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही. पण संमतीच्या बाबतीत गंभीर चुका आढळल्या. कित्येक फॉर्मवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले. त्या घटनेची भीती आपल्याकडे डॉक्टरांच्या आणि पालकांच्या मनात पुढे कितीतरी वर्षं राहिली. यातून मी एवढंच घेतलं, की शिफारस म्हणजे सुई टोचणं नव्हे. काय आहे, का आहे, न घेतल्यास काय, हे समजावून होकार घेणं म्हणजे शिफारस. ज्यांना मुली आणि आया भाबड्या वाटतात, त्यांनी ती करू नये.

आणखी एक कारण कुणीच आपणहून सांगितलं नाही, ते मला नोंदींमध्ये दिसलं. सव्वा महिन्याची तपासणी झाली की आई स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नोंदीतून नाहीशी होते. बाळ बालरोगतज्ज्ञांच्या नोंदीत सुरू होतं. आई तिथेही येते, दर वेळी येते, बाळाला मांडीवर घेऊन. पण त्या नोंदीत तिचं नाव फक्त "आईचे नाव" या रकान्यात असतं. एका डॉक्टरांना वाटतं ती आता त्यांची पेशंट नाही, दुसऱ्यांना वाटतं ती त्यांची कधी नव्हतीच.

म्हणून मी दोन वेळापत्रकं शेजारी ठेवून बघितली. आपल्या सरकारी लसीकरणात बाळ सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना येतं, मग नऊ महिन्यांना गोवर-रुबेलासाठी. आईची पहिली मात्रा बाळाच्या सहाव्या आठवड्यात दिली, म्हणजे सव्वा महिना उलटल्यावर, तर चौदाव्या आठवड्यात बरोबर दोन महिने होतात. दुसरी मात्रा. तिसरी साडेसात महिन्यांच्या आसपास येते, ती नऊ महिन्यांच्या फेरीला दिली तरी चालते. मात्रेला उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. म्हणजे आईला स्वतःसाठी वेगळी एकही फेरी मारावी लागत नाही, वेगळा खाडा नाही, वेगळं रिक्षाभाडं नाही. बाळाबरोबर ती जातेच आहे.

हे डॉक्टरांना दाखवलं, त्यांच्या दुरुस्त्या घेतल्या, आणि आता कागदावर ती ओळ येते. आई २६ किंवा त्याहून कमी वयाची असेल आणि आधीच्या लसीची नोंद नसेल, तर "आईसाठी एचपीव्ही लस : डॉक्टरांशी बोला" अशी ओळ आणि बाळाच्या तारखांशी जुळणाऱ्या तीन तारखा. २७ ते ४५ असेल तर कागदावर काही नाही, डॉक्टरांच्या पडद्यावर फक्त "चर्चा" असा शब्द. आणि सगळ्यांच्या कागदावर शेवटी एक वाक्य : तिसाव्या वर्षापासून गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या, लस घेतली असली तरी.

हे शेवटचं वाक्य का? कारण लसीतल्या प्रकारांशिवाय इतर प्रकारही कर्करोग करतात, आणि लसीआधी झालेला संसर्ग लस घालवत नाही. तपासणी किती मोलाची आहे याचा पुरावा शोधायला तर आपल्याला परदेशात जायची गरज नाही. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या याच रुग्णालयाच्या सहभागाने ५२ गावगटांतल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. वय ३० ते ५९. ज्या गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झाली आणि गरजेप्रमाणे उपचार झाले, त्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. २००९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभर त्याचे दाखले दिले गेले. त्या स्त्रिया आपल्याच गावांतल्या होत्या. कुणाची मावशी, कुणाची आत्या.

आता तुमच्यासाठी.

माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, ही लस बहुतेक आपल्यासाठी नाही. आपल्यासाठी तपासणी आहे. दहा मिनिटांचं काम आहे, दुखत नाही, लाज वाटते तेवढीच. ज्यांच्या मुली ९ ते १४ वर्षांच्या आहेत, त्यांनी या सुट्टीतच डॉक्टरांना विचारा. मुलगी कॉलेजात असेल तरी विचारा. सर, बाई, तुमच्या शब्दाला आजही या गावात वजन आहे. पालकसभेत पाच मिनिटं या विषयाला दिलीत, तर कितीतरी घरांत हा शब्द पहिल्यांदा उच्चारला जाईल.

आणि मागे बसलेल्या, बाळं घेऊन आलेल्या आमच्या धाकट्या बॅचच्या मुलींनो, तुम्ही सकाळपासून त्या बाळांच्या टोप्या आणि बाटल्या सांभाळताय. पुढच्या वेळी बाळाला लसीला न्याल, तेव्हा त्याचं टोचून झाल्यावर उठू नका. डॉक्टरांना विचारा, "आणि माझी?" हा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारला तरी चालेल, बालरोगतज्ज्ञांना विचारला तरी चालेल. ते "नाही" म्हणाले तर का नाही, तेही विचारा. आपल्या शाळेत प्रश्न विचारणाऱ्याला कुणी खाली बसवलं नाही. बाहेरही बसवू देऊ नका.